खाल्लेले अंगी का लागेना? : एका बालरोगाचा इतिहास

मूल वेळच्या वेळी जेवते, तरीही बाळसे धरीत नाही. हातापायांच्या काड्या होतात, पोट मात्र घागरीसारखे फुगते. वर्ष सरले तरी अंगावरचे कपडे आखूड होत नाहीत. अशा मुलाविषयी मराठी घरांतून एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या बोलले जात आले आहे : 'खाल्लेले याच्या अंगी लागत नाही.' मग कोणी दात येत असल्याचे कारण सांगतो, कोणी जंतांचे, कोणी दृष्ट लागल्याचे. आणि अखेरीस सगळ्यांचे डोळे आईकडे वळतात. पुष्कळदा कारण खरोखरच जंतांचे किंवा अपुऱ्या आहाराचे असते. परंतु काही मुलांच्या बाबतीत ते वाक्य अक्षरशः खरे असते. अन्न पोटात जाते, पण आतडे ते शोषून घेऊ शकत नाही. या व्याधीला सीलियॅक रोग असे नाव आहे. हा रोग फार काळ अत्यंत दुर्मीळ समजला जात असे. त्याचे वर्णन प्रथम झाले त्यापासून त्याचे कारण हाती लागेपर्यंत सुमारे अठराशे वर्षे गेली, आणि ते कारण इतका काळ घरोघरच्या पिठाच्या डब्यात राहिलेले होते. या शोधाचा इतिहास जेवढा वैद्यांचा आहे, तेवढाच आजारी मुलांना वाढविणाऱ्या आईबापांचाही आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास आशिया मायनरमधील कॅपाडोशिया प्रांतात अरेटियस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. ज्यांचे अन्न न पचताच बाहेर पडते आणि जे दिवसेंदिवस कृश होत जातात, अशा रोग्यांचे त्याने बारकाईने वर्णन केले. जठरातील उष्णता मंद झाल्यामुळे असे घडते, असा त्याचा तर्क होता. आपल्याकडील मंदाग्नीच्या कल्पनेशी तो किती मिळताजुळता आहे, हे वेगळे सांगावयास नको. ग्रीक भाषेत उदराला 'कोइलिया' म्हणतात. त्यावरून या विकाराला नाव पडले. पुढे शतकानुशतके हे वर्णन ग्रंथांतच पडून राहिले.

त्याला नवे जीवन दिले ते सॅम्युएल गी या इंग्रज डॉक्टरने. ५ ऑक्टोबर १८८७ रोजी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात त्याने या विकारावर व्याख्यान दिले आणि १८८८ साली ते छापून प्रसिद्ध झाले. हा रोग कोणत्याही वयात होऊ शकतो, परंतु एक ते पाच वर्षांच्या मुलांना तो विशेष गाठतो, हे गीने नोंदविले. रोग बरा व्हावयाचा असेल तर तो आहारानेच होईल, हेही त्याने निःसंदिग्धपणे सांगितले. निदान अचूक होते, दिशाही योग्य होती. परंतु कोणता आहार, या प्रश्नापाशी येताच त्या कुशाग्र वैद्याची दृष्टी चुकली. भात आणि साबुदाणा त्याने वर्ज्य ठरविला. पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव मात्र चालेल असे सांगितले. म्हणजे जे निर्धोक होते ते काढून घेतले गेले, आणि जे बाधत होते ते पथ्य म्हणून ताटात राहिले. त्याच व्याख्यानात एका मुलाची हकीकत आहे. गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात त्या जातीचे, हॉलंडहून आलेले उत्तम शिंपले त्याला रोज लिटरभराहून अधिक मापाने खाऊ घातले, तेव्हा त्याची प्रकृती झपाट्याने सुधारली. शिंपल्यांचा हंगाम संपला, तसा रोग उलटला. पुढच्या हंगामात मात्र त्या मुलाने शिंपल्यांना तोंड लावावयास साफ नकार दिला. ज्यांनी आजारी मुलाला तेच ते पथ्य महिनोन्‌महिने भरविले आहे, त्या आईबापांना या नकाराचा अर्थ वैद्यापेक्षा अधिक कळेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ख्रिश्चन हर्टर याने या मुलांच्या खुंटलेल्या वाढीचा अभ्यास केला, आणि रोगाला गी-हर्टर असे जोडनाव मिळाले. त्यानंतर १९२४ साली न्यू यॉर्कच्या सिडनी हास या बालरोगतज्ज्ञाने एक नवलाचा उपचार पुढे मांडला. तो केळ्यांचा होता. पोर्तो रिकोमध्ये जे लोक पाव पुष्कळ खातात त्यांना अतिसाराचा एक जुनाट विकार जडतो, आणि केळ्यांवर राहणारे शेतकरी त्यापासून मुक्त असतात, अशी माहिती त्याच्या वाचनात आली होती. त्याने आपल्या दहा बालरुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. केळ्यांच्या आहारावर ठेवलेली आठ मुले सुधारली होती, तो आहार न मिळालेली दोघे दगावली होती. त्या काळात जेथे दुसरी आशाच नव्हती, तेथे ही वार्ता आईबापांना संजीवनीसारखी वाटली असल्यास नवल नाही. पुढची पंचवीस-तीस वर्षे अमेरिकेत असंख्य मुले केळ्यांवर वाढली.

आज मागे वळून पाहता त्या यशाचे रहस्य उघड आहे. हासने केळी दिली, त्याच वेळी पाव, बिस्किटे, बटाटे आणि धान्ये बंद केली. गुण आला तो पाव बंद झाल्यामुळे. श्रेय मिळाले ते केळ्यांना. ही चूक केवळ पुस्तकी राहिली असती तर तिचे एवढे दुःख नव्हते. परंतु मूल सुधारले की रोग कायमचा गेला असे समजून त्याला पुन्हा सर्वसाधारण अन्नावर आणले जाई, आणि रोग आत दबा धरून बसलेला असे. कित्येकांना तारुण्यात पुन्हा अशक्तपणा, पंडुरोग आणि हाडांचा ठिसूळपणा यांनी गाठले, आणि त्याचा संबंध बालपणीच्या दुखण्याशी कोणी जोडलाही नाही. १९५१ साली, खरे कारण प्रसिद्ध झाल्यानंतरही, हासने आपल्या जुन्याच मतावर ग्रंथ लिहिला. उपकारक वैद्यही आपल्या यशाचा कैदी होऊ शकतो, याचे हे उदाहरण होय.

या काळातील आईबापांची स्थिती काय होती, याचाही विचार केला पाहिजे. असे मूल रुग्णालयात दाखल झाले की आठवडे नव्हे, महिने तेथे राही. इंग्लंड-अमेरिकेतील अनेक बालरुग्णालयांत त्या वेळी आईबापांना आठवड्यातून एखाद-दोन वेळाच, तेही थोड्या वेळापुरते, भेटू देत. आई येऊन गेली की मूल रडते, वॉर्डाची शिस्त मोडते, हे कारण सांगितले जाई. मूल रडत नाही म्हणजे ते समाधानी आहे, असे मानणाऱ्या या पद्धतीविरुद्ध पुढे चळवळ झाली. १९५९ साली इंग्लंडमध्ये प्लॅट समितीने आपल्या अहवालात आईबापांना मुलाजवळ मुक्तद्वार असावे अशी शिफारस केली. या रोगाची मुले चिडकी, हट्टी आणि खिन्न असतात, हे जुन्या सर्व वर्णनांत आढळते. तो स्वभाव नसून रोगाचेच लक्षण आहे, आणि योग्य आहार सुरू होताच बहुधा प्रथम स्वभावच निवळतो, हे आता सिद्ध आहे. पण ते समजण्यापूर्वी 'लाडाने बिघडवले' हा शेरा किती मातांनी निमूटपणे ऐकून घेतला असेल, याची गणती कोणत्याही दप्तरात नाही.

या कथेला खरी कलाटणी मिळाली हॉलंडमध्ये. विलेम कारेल डिके हा १९०५ साली डोर्ड्रेख्ट येथे जन्मलेला डच डॉक्टर १९३६ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, हेग शहरातील युलियाना बालरुग्णालयाचा प्रमुख झाला. त्याच सुमाराची एक हकीकत त्याच्या क्षेत्रातील मंडळी सांगत आली आहेत. या रोगाने पछाडलेल्या एका मुलाची आई त्याच्याकडे आली आणि म्हणाली, की पाव बंद केला तर मुलाच्या अंगावरचे पुरळ कमी होते, आणि पाव दिला की पुन्हा उठते. अशी वाक्ये दवाखान्यात रोज कानावर पडतात आणि बहुधा विरून जातात. त्या आईपाशी ना प्रयोगशाळा होती, ना शास्त्रीय परिभाषा. परंतु एकाच मुलाकडे अखंड पाहण्याची सवड मोठ्या तज्ज्ञालाही नसते, ती तिच्यापाशी होती. डिकेचा मोठेपणा असा, की त्याने ते बोलणे बाजूला सारले नाही. १९३४ ते १९३६ या काळात त्याने गव्हाविना आहाराचे प्रयोग आरंभिले, आणि १९४१ साली डच वैद्यकीय नियतकालिकात या रोगासाठी एक साधा आहार सुचविणारा लेख प्रसिद्ध केला. त्या आईचे नाव या शास्त्राच्या इतिहासात घेतले जात नाही. तिचे निरीक्षण मात्र त्याच्या पायात चिऱ्यासारखे बसलेले आहे.

त्यानंतर आला १९४४-४५ चा हिवाळा. डच लोक त्याला 'उपासमारीचा हिवाळा' म्हणतात. दोस्त सैन्याला साहाय्य व्हावे म्हणून सप्टेंबर १९४४ मध्ये रेल्वे कामगारांनी संप पुकारला. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिम हॉलंडकडे जाणारी अन्नाची वाहतूक रोखली. पुढे कडाक्याच्या थंडीने कालवे गोठले. माणसे ट्यूलिपचे कंद आणि साखरेचे बीट उकडून खाऊ लागली. सुमारे वीस हजार लोक भुकेने आणि थंडीने मरण पावले. सारा देश असा कृश होत असताना सीलियॅकची काही मुले मात्र सुधारत होती. कारण पाव मिळेनासा झाला होता. आणि पुढे पाव परत आला तेव्हा त्यांचा रोगही परत आला. ही कथा एवढी विलक्षण आहे की, शोध या दुष्काळातच लागला असे सर्वत्र सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. डिकेच्या मनात गव्हाविषयीचा संशय त्यापूर्वी दहा वर्षे घर करून होता. दुष्काळाने त्या संशयाला बळकटी दिली. इतिहासाला एखादी नाट्यमय घटना हवी असते, म्हणून पाव बंद केल्याचे सांगणारी आई मागे पडली आणि दुष्काळ पुढे आला.

युद्धानंतर डिकेने जे केले त्यात नाट्य मुळीच नव्हते. त्याने मुलांची वजने घेतली. थोडीच मुले, पण वर्षानुवर्षांच्या नोंदी. गहू बंद असताना वजनाची रेषा चढत जाते, गहू सुरू केला की काही आठवड्यांत ती अडखळते आणि उतरू लागते, पुन्हा बंद केला की पुन्हा चढते. असे आलेख त्याने १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात मांडले. गव्हाप्रमाणेच राय हे धान्यही बाधक आहे आणि तांदूळ, मका व बटाटा निर्धोक आहेत, असे त्याला आढळले. सुधारलेल्या मुलाला मुद्दाम पुन्हा गहू देऊन पाहणे ही गोष्ट मनाला रुचणारी नाही, हे खरे. पण त्या थोड्या मुलांनी सोसलेल्या त्रासावरच पुढच्या लक्षावधी मुलांचे पथ्य उभे आहे, याचे विस्मरण होऊ नये. डिकेचे उट्रेख्टमधील सहकारी वायर्स आणि वान दे कामर यांनी मलातील न पचलेल्या स्निग्धांशाचे अचूक मोजमाप करून या अनुमानाला आकड्यांचा आधार दिला. १९५२ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हातील नेमका दोषी घटक दाखवून दिला. तो म्हणजे ग्लुटेन. कणीक भिजविली की तिला जो चिकटपणा आणि ताण येतो, तो या प्रथिनामुळेच. ज्या गुणामुळे पोळी न फाटता लाटली जाते, तोच गुण या मुलांना घातक ठरतो.

१९५६ साली मार्गो शायनर यांनी शस्त्रक्रियेविना नळीच्या साहाय्याने लहान आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढण्याची पद्धत आणली, आणि आतील स्थिती डोळ्यांना दिसू लागली. निरोगी आतड्याचे अस्तर मखमलीसारखे असते. त्यावरील असंख्य सूक्ष्म अंकुर अन्नरस शोषून घेतात. या रोगात ते अंकुर झडून मखमल सपाट झालेली दिसते. हे कोण करते, याचे उत्तर हळूहळू मिळत गेले. शरीराचे संरक्षण करणारी यंत्रणा ग्लुटेनला शत्रू समजून शस्त्र उचलते आणि त्या भरात आपल्याच आतड्यावर वार करते. अशा विकारांना ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःवरच उलटलेल्या प्रतिकाराचे विकार, म्हणतात. १९९७ साली जर्मन संशोधकांनी या हल्ल्याचे लक्ष्य असलेला ट्रान्सग्लुटामिनेज हा शरीरातीलच घटक ओळखला, आणि त्यावरून रक्ताची खात्रीलायक तपासणी करणे सुकर झाले. या रोगाकडे कल असणारी जनुके लोकसंख्येतील सुमारे एकतृतीयांश लोकांत असतात. रोग मात्र त्यांतील थोड्यांनाच होतो. म्हणून यात आईच्या दुधाचा, आईच्या हाताचा किंवा कोणाच्या पापाचा काहीही संबंध नाही.

हा गोऱ्या लोकांचा रोग आहे, अशी समजूत भारतात बराच काळ होती. १९६६ साली उत्तर भारतीय मुलांतील या रोगाविषयी भारतीय बालरोगतज्ज्ञांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्या समजुतीला तडा गेला. अलीकडील पाहण्यांनुसार उत्तर भारतात शंभरांत सुमारे एकाला हा रोग असतो. दक्षिणेत त्याचे प्रमाण पुष्कळच कमी आहे. गहू किती खाल्ला जातो, हे या फरकाचे एक मोठे कारण मानले जाते. म्हणजे जो रोग दुर्मीळ वाटत होता तो वस्तुतः न ओळखलेला होता. जुलाब, खुरटलेली वाढ आणि औषधांना दाद न देणारा पंडुरोग ही लक्षणे आपल्याकडे इतकी परिचित, की त्यांच्या गर्दीत हा रोग सहज लपून राहिला. ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी घरांत गव्हाची पोळी रोजचीच; बेळगावच्या बाजूला ज्वारीची भाकरी आणि गोव्यात भात हे मूळचे अन्न, परंतु पाव, बिस्किटे आणि मैद्याचे पदार्थ आता तेथेही मुलांच्या हाती सर्रास दिसतात.

निदान झाल्यावर जे करावयाचे असते त्यात औषधाचा भाग आजही जवळजवळ नाही. जन्मभर गहू, राय आणि सातू, म्हणजे जव, वर्ज्य करणे हाच उपचार. म्हणजे उपचाराचे ठिकाण स्वयंपाकघर आणि उपचार करणारे आईबाप. सुदैवाने मराठी स्वयंपाकघर या बाबतीत श्रीमंत आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका ही धान्ये या मुलांना चालतात. उपासाच्या ताटातील वरी, राजगिरा, शिंगाडा आणि साबुदाणा हेही चालतात. आजी ज्या नेमाने एकादशीचे ताट वेगळे ठेवते, तोच नेम या मुलाच्या ताटाला रोज लावावयाचा, एवढे सांगितले तर वडीलधाऱ्यांना पथ्याचे मर्म चटकन कळते.

परंतु शत्रू उघड असतो तेथे भय थोडे. तो वेष पालटून येतो तेथे अधिक. बाजारातील पुष्कळशा बांधानी हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि त्या हिंगाची चिमूट रोजच्या वरणात पडते. आजारी मुलासाठी प्रेमाने कालविलेल्या मेतकूट-भातातील मेतकुटात गहू भाजून घातलेला असतो. थालिपिठाची भाजणी, कुरडया, शेवया, सत्यनारायणाच्या प्रसादाचा रव्याचा शिरा यांचीही तीच गोष्ट. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून गिरणीत नेली, पण आधीचे दळण गव्हाचे असेल तर त्या जात्यातला गहू ज्वारीच्या पिठात उतरतो. ग्लुटेनमुक्त म्हणविणाऱ्या अन्नात एका किलोमागे वीस मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन नसावे, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यावरून किती अल्प अंश पुरतो याची कल्पना येईल. म्हणून धान्य घरी दळणे, पोळपाट-लाटणे व तवा वेगळा ठेवणे, या गोष्टी अतिरेकी नव्हेत. मात्र संशय आला म्हणून तपासणीपूर्वीच गहू बंद करणे चुकीचे होय; तसे केल्यास रक्ताची आणि आतड्याची तपासणी फसवे उत्तर देते. तसेच सख्ख्या भावंडांनाही हा रोग असण्याचा संभव इतरांहून बराच अधिक असल्याने त्यांची तपासणी करून घेणे इष्ट असते.

या आईबापांना एकाकीपणातून बाहेर काढण्याचे कामही हळूहळू घडले. १९६१ साली अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेचा पाया घालणारे इंग्रज वकील पीटर बेनेन्सन स्वतः या रोगाचे रुग्ण होते. त्यांनी १९६८ साली ब्रिटनमध्ये सीलियॅक सोसायटी स्थापन केली. कोणत्या कारखान्याच्या कोणत्या पदार्थात गहू आहे, याच्या याद्या रुग्णांनी आणि आईबापांनी एकमेकांना पुरविल्या. पुढे अनेक देशांत अशा संस्था झाल्या. एका घरात कष्टाने मिळविलेला अनुभव दुसऱ्या घरी आयता पोहोचावा, हेच त्यांचे खरे कार्य.

डिके १९६२ साली निवर्तला. त्याने दाखविलेला मार्ग आजही बदललेला नाही, आणि तो मार्ग आईबापांना एकट्याने चालता येत नाही. मूल शाळेत जाते, शेजारी खेळते, आजोळी राहते, लग्नाच्या पंगतीत बसते. तेथे कोणीतरी मायेने म्हणते, 'एका घासाने काय होते?' त्या घासाने मूल लगेच आजारी पडेलच असे नाही. म्हणूनच तो प्रश्न धोक्याचा आहे. बाहेरून काही न दिसता आतले अंकुर झडत राहतात. वाढत्या वयाबरोबर मुलाने स्वतःच 'यात गहू आहे का?' असे न लाजता विचारावे, हे आईबापांनी त्याला शिकवावयाचे असते. आणि त्याने विचारले असता त्याला खरे उत्तर मिळावे, ही जबाबदारी आत्या-मावशांची, शिक्षकांची आणि आचाऱ्यांची असते. हेगमधील त्या आईचे बोलणे एका डॉक्टरने मनावर घेतले म्हणून अठराशे वर्षांचे कोडे सुटले. आज अशा मुलाच्या आईचे बोलणे तिच्याच सासर-माहेरच्या माणसांनी मनावर घेतले, तर त्या मुलाचे खाल्लेले अंगी लागेल.